दारूतलं मिथेनॉल कसं तपासायचं: लॅबला नवीन लागलेल्यांसाठी

दरवर्षी जून-जुलैत केमिस्ट्रीत बीएस्सी-एमएस्सी झालेली पोरं-पोरी लॅबला लागतात, कोणी जळगाव एमआयडीसीत, कोणी धुळ्याला, कोणी शिरपूरकडे, आणि दारूचं पहिलं सॅम्पल टेबलावर आलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मॅडम, जीसीला लावू का?" जीसी म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफ, मिश्रणातले पदार्थ वेगवेगळे करून मोजणारं मशीन. मी म्हणते थांब, आधी बाटली बघ. सील बघ, झाकण बघ, किती भरलीय ते बघ. मशीन कुठे जात नाही, बाटलीतलं मिथेनॉल मात्र खरंच उडून जातं.

हे लिहायला घेतलं कारण कॉलेजात हे कोणी हाताने करून दाखवत नाही आणि पद्धत छापलेली असते ती दहा-पंधरा ओळींत, त्या ओळींच्या मधे काय काय चुकतं ते तुम्हाला चुकल्यावरच कळतं. आणि दुसरं कारण घरचं आहे. मी शाळेत असताना मामाच्या गावाला, चोपडा तालुक्यात, शेजारच्या गल्लीतले एक काका भर दुपारी भिंतीला हात लावत लावत घरी येताना बघितले होते, "डोयाले काही दिसत नही वं माय" एवढंच म्हणत होते. रात्री प्यायले होते, सकाळी उठून शेतात पण जाऊन आले होते. वाचले, पण नजर परत आली नाही. तेव्हा काही कळलं नाही, पुढे एमएस्सीला वाचताना कळलं की मिथेनॉलचा त्रास बऱ्याचदा १२ ते २४ तासांनी सुरू होतो, आणि मला ती दुपार आठवली.

आधी हे समजून घ्या

दारूतलं अल्कोहोल म्हणजे इथेनॉल. मिथेनॉल त्याचंच भावंड, एक कार्बन कमी. रंग नाही, पाण्यात तसंच मिसळतं, प्यायल्यावर सुरुवातीला नशा पण तशीच. खरा घात नंतर लिव्हरमधे होतो, तिथे अल्कोहोल डिहायड्रोजिनेज नावाचं एन्झाइम मिथेनॉलचं फॉर्माल्डिहाइड करतं, त्याचं पुढे फॉर्मिक ॲसिड होतं, ते शरीरातून लवकर जात नाही, साचत राहतं, रक्त आम्लीय होतं, पेशींना ऑक्सिजन असूनही वापरता येत नाही आणि डोळ्याच्या नसेला त्याचा फटका फार लवकर बसतो. साधारण १० मिली शुद्ध मिथेनॉल नजर घालवू शकतं आणि ३० मिलीच्या आसपास जीव जाऊ शकतो, अर्थात माणसागणिक कमी-जास्त होतं.

आता गंमत नाही पण समजायला महत्त्वाची गोष्ट अशी की त्या एन्झाइमला मिथेनॉलपेक्षा इथेनॉल जास्त आवडतं, दोन्ही एकत्र पोटात गेलं की ते आधी इथेनॉल संपवत बसतं आणि विष तोपर्यंत थांबून राहतं. म्हणून "आम्ही सगळ्यांनी तीच प्यायली, रात्रभर काही झालं नाही" याला काडीचाही अर्थ नाही.

मिथेनॉल येतं कुठून

हा प्रश्न नवीन पोरांना मी पहिल्याच दिवशी विचारते आणि उत्तर नेहमी येतं, "हातभट्टीत तयार होतं." अर्धवट खरं आहे ते. फळात पेक्टिन असतं, आंबवताना एन्झाइममुळे त्यातून थोडं मिथेनॉल सुटतं, म्हणून फळांच्या दारूत ते थोडंफार असतंच, अगदी महागड्या ब्रँडीत पण. आपल्याकडे रावेर-यावलला केळी एवढी, केळीची वाइन करायचे प्रयोग होत असतात, तिथे रस पातळ आणि स्वच्छ व्हावा म्हणून पेक्टिनेज एन्झाइम टाकतात आणि त्यानेच मिथेनॉल वाढतं, हे करणाऱ्याला माहीत असायला हवं. पण सातपुड्यात, अक्कलकुवा-धडगावकडे, मोहाच्या फुलांची जी दारू पिढ्यानपिढ्या काढतात आणि पूजेत, लग्नकार्यात वापरतात, तिच्यामुळे एका रात्रीत गल्लीच्या गल्ली आंधळी होत नाही. गूळ आणि नवसागराच्या भट्टीत दुसरे शंभर दोष असतील, पण आंबवण्यातून येणारं मिथेनॉल इतकं कमी असतं की त्याने असे सामूहिक बळी जात नाहीत.

ते बळी जातात कोणीतरी इंडस्ट्रियल मिथेनॉल ओततं तेव्हा. मुंबईत मालाडच्या मालवणीत जून २०१५ मधे शंभरहून जास्त लोक गेले, गुजरातेत बोटादला जुलै २०२२ मधे चाळीसहून जास्त, तमिळनाडूत कल्लाकुरिचीला जून २०२४ मधे साठहून जास्त, सगळीकडे तेच. मिथेनॉल रंग, रेझिन, केमिकल कारखान्यात लागतं, स्वस्त पडतं, आणि टँकरमधून नाहीतर गोडाऊनमधून चोरलेलं असेल तर अजूनच स्वस्त. आपल्या भागाला एका बाजूला गुजरातची हद्द लागते जिथे दारूबंदी आहे, दुसऱ्या बाजूला मध्य प्रदेश, आणि मधून मुंबई-आग्रा हायवे, त्यामुळे इकडचं सॅम्पल कुठून कुठे जात होतं हे सांगता येत नाही. लेबल बघून विश्वास ठेवायचा नाही, एवढाच याचा आपल्या कामापुरता अर्थ.

मग "पहिल्या धारेचं काढून टाकलं की मिथेनॉल जातं" हे पण ऐकाल. नाही जात. मिथेनॉल ६४.७ अंशाला उकळतं आणि इथेनॉल ७८.४ ला हे खरं, पण पाणी-इथेनॉलच्या मिश्रणात ते असं शहाण्यासारखं आधी निघून जात नाही, सगळ्या धारेत पसरलेलं असतं. आणि पेटवून ज्योतीचा रंग बघायचा, हातावर चोळायचं, या गोष्टी लॅबमधे कोणी करताना दिसलं तर तिथल्या तिथे थांबवा. मिथेनॉलची ज्योत उजेडात जवळपास दिसत नाही, हात भाजतो तेव्हा कळतं.

हायड्रोमीटरने (द्रवात तरंगवून घनता मोजायचं साधन) पण कळत नाही, हे मात्र लिहून ठेवा. २० अंशाला इथेनॉलची घनता ०.७८९, मिथेनॉलची ०.७९१. हायड्रोमीटर दोघांना एकच समजतो. "स्ट्रेंथ बरोबर आली म्हणजे माल बरोबर" असं म्हणणारा माणूस मला डिस्टिलरीत भेटलाय, अनुभवी माणूस, आणि त्याला हे पटवायला मला अख्खी दुपार लागली होती.

पायरी १: सॅम्पल घेणं आणि सांभाळणं

माझ्या मते निम्मी चूक इथेच होते. काचेची बाटली, घट्ट झाकण, गळ्यापर्यंत भरलेली, कारण वर रिकामी जागा राहिली की मिथेनॉल त्या हवेत जातं आणि झाकण उघडलं की बाहेर. प्लास्टिकच्या पिशवीत, फुग्यात आलेलं सॅम्पल लगेच काचेत ओता आणि तसं रजिस्टरला लिहा. बाटलीवर लेव्हलची मार्करने रेघ मारा, तारीख-वेळ टाका, सही करा, म्हणजे आठवड्याने कोणी विचारलं "कमी कसं झालं" तर उत्तर असेल. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा सॅम्पल गाडीच्या डिकीत ठेवून जेवायला जायचं नाही, थर्माकोलचा डबा आणि बर्फ घेऊनच निघायचं. लॅबमधे आलं की फ्रिज, आणि तो फ्रिज डब्याचा-पाण्याचा नको, वेगळा हवा.

पोलिसांनी किंवा राज्य उत्पादन शुल्क विभागाने जप्त केलेला मुद्देमाल असेल तर तो खासगी लॅबने हातात घ्यायचाच नाही. त्याचा पंचनामा होतो, पंचांच्या सह्या, लाखेचं सील, आणि तो सरकारी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातो, आपल्या बाजूने नाशिकला प्रादेशिक लॅब आहे. तिथून येतो तो सीए रिपोर्ट, म्हणजे केमिकल ॲनालायझरचा, आणि कोर्टात तोच चालतो. अन्नसुरक्षा अधिकाऱ्याने दुकानातून किंवा कारखान्यातून सॅम्पल घेतलं तर त्याची वाट वेगळी, ते चार भागात घेतात आणि फूड ॲनालिस्टला १४ दिवसांत रिपोर्ट द्यावा लागतो. कंपनीचं स्वतःचं बॅच सॅम्पल, वाइन करणाऱ्या शेतकऱ्याचं सॅम्पल, कॉलेजच्या प्रोजेक्टचं सॅम्पल, हे आपलं काम.

पायरी २: स्वतःला सांभाळणं

थोडक्यात सांगते. चव घ्यायची नाही, वास घ्यायचा नाही, तोंडाने पिपेट ओढायचं नाही, बल्बच वापरा. मिथेनॉल कातडीतून पण आत जातं. फ्यूम हूड चालू, ग्लोव्हज, चष्मा, आणि जवळपास उघडा बर्नर नको, हीटिंग मँटल वापरा.

पायरी ३: डिस्टिलेशन

रंग, साखर, अर्क असलेलं कुठलंही सॅम्पल सरळ तपासता येत नाही, पुढच्या पायरीत घट्ट सल्फ्युरिक ॲसिड आहे आणि साखर असली की ते काळंच होणार. म्हणून २०० मिली सॅम्पल मोजून घ्या, फ्लास्कमधे टाका, मेजरिंग फ्लास्क थोड्या पाण्याने विसळून तेही त्यातच, उकळताना उसळू नये म्हणून प्युमिस नाहीतर काचेचे मणी, आणि सावकाश डिस्टिल करा. डिस्टिलेट जमा करायचा तो परत त्याच २०० मिलीच्या फ्लास्कमधे, जवळपास २०० मिली आलं की थांबा आणि पाण्याने मार्कपर्यंत भरा.

आता खान्देशातली अडचण. उन्हाळ्यात टाकीचं पाणी नळाला येतं तेच कोमट, कधी कधी हात लावला तर चटका, आणि ते कंडेन्सरमधे फिरवलं की वाफ थंडच होत नाही, लवकर उडणारं जे आहे ते बाहेर निसटतं आणि त्यात आपलं मिथेनॉल पण जातं. मग रिझल्ट कमी येतो आणि कोणाला संशय येत नाही कारण कमी आलेला आकडा सगळ्यांना आवडतो. यावर उपाय साधा आहे, बादलीत बर्फाचं पाणी आणि छोटा पंप लावून तेच पाणी फिरवत ठेवा, रिसीव्हर फ्लास्क बर्फात ठेवा, आणि ॲडाप्टरचं टोक रिसीव्हरमधल्या थोड्याशा पाण्यात बुडलेलं असू द्या. मग खात्री करायला माहीत असलेलं मिथेनॉल ४० टक्के इथेनॉलमधे टाकून तेच डिस्टिल करा आणि किती परत मिळालं ते बघा. एप्रिल-मे मधे हे दर आठवड्याला करा, बाकी वर्षभर महिन्यातून एकदा केलं तरी बरं.

डिस्टिलेटची घनता पिक्नोमीटरने (नेमक्या मापाची छोटी काचेची बाटली, भरून वजन करायचं) काढून टेबलवरून अल्कोहोलचं प्रमाण घ्या. टेबल ज्या तापमानाचा आहे त्याच तापमानाला पिक्नोमीटर भरा, एवढंच, बाकी त्यात काही अवघड नाही.

पायरी ४: रंगाची टेस्ट, आणि ती आधी का शिकायची

जीसी आहे मग ही कशाला, असं सगळे विचारतात. कारण वीज जाते, सिलिंडर संपतो, मशीन बिघडतं आणि इंजिनिअर पुण्याहून यायला तीन दिवस लागतात, आणि मिथेनॉलचं प्रकरण असं तीन दिवस थांबत नाही. शिवाय हाताने रंग आलेला बघितला की नक्की काय चाललंय ते डोक्यात बसतं, जीसीच्या आलेखावरचा नुसता पीक, म्हणजे उंचवटा, बघून ते बसत नाही.

कल्पना अशी: मिथेनॉलचं आधी पोटॅशियम परमँगनेटने फॉर्माल्डिहाइड करायचं, म्हणजे लिव्हर जे करतं ती पहिली पायरी आपण फ्लास्कमधे करायची, आणि मग क्रोमोट्रोपिक ॲसिडने त्या फॉर्माल्डिहाइडचा जांभळा रंग आणायचा. रंग जितका गडद तितकं मिथेनॉल.

करायचं असं. परमँगनेटचं द्रावण ३ ग्रॅम परमँगनेट आणि १५ मिली फॉस्फोरिक ॲसिड मिळून १०० मिलीचं करा. क्रोमोट्रोपिक ॲसिडच्या सोडियम मिठाचं ५ टक्के द्रावण, ताजंच करा, जुनं काळपट झालेलं ओतून द्या, जीव नका लावू त्याला. स्टँडर्ड, म्हणजे तुलनेसाठी प्रमाण माहीत असलेलं द्रावण, ०.०२५ टक्के मिथेनॉलचं, पण ५.५ टक्के इथेनॉलमधे. आणि सॅम्पलचा डिस्टिलेट पण पाण्याने पातळ करून ५.५ टक्के अल्कोहोलवर आणायचा. ५० मिलीच्या फ्लास्कमधे २ मिली परमँगनेट, बर्फात गार करा, त्यात १ मिली गार केलेलं पातळ सॅम्पल, आणि बर्फातच ३० मिनिटं. मग कोरडं सोडियम बायसल्फाइट चिमूट चिमूट टाकून परमँगनेटचा रंग घालवा, जास्त टाकू नका. १ मिली क्रोमोट्रोपिक, मग १५ मिली घट्ट सल्फ्युरिक ॲसिड हळूहळू, फ्लास्क फिरवत फिरवत, घाई केली तर उसळेल. ६० ते ७५ अंशाच्या वॉटर बाथमधे १५ मिनिटं, गार करा, पाणी घालत घालत मार्कच्या जवळ आणा, परत गार करा, मार्क करा, आणि स्पेक्ट्रोवर (स्पेक्ट्रोफोटोमीटर, रंगाने किती प्रकाश अडवला ते आकड्यात सांगणारं मशीन) ५७५ नॅनोमीटरला बघा.

ब्लँकबद्दल आता, म्हणजे मिथेनॉल नसलेलं, तुलनेसाठी लावायचं सॅम्पल. ब्लँक म्हणजे साधं पाणी नाही, ५.५ टक्के शुद्ध इथेनॉल आणि त्यावर हे सगळं तसंच केलेलं. माझ्या पहिल्या नोकरीत मी पाण्याचा ब्लँक लावला होता, कोणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं, आणि ओळीने तीन सॅम्पल जास्त आले. इथेनॉल पण परमँगनेट खातं, त्याचं ॲसिटाल्डिहाइड होतं, त्याची एक पिवळट झाक राहते आणि ती सगळी सॅम्पलच्या नावावर जमा झाली होती. रिपोर्ट टाइप झाला होता. एका बॅचचा सगळा माल त्याच्यावर थांबला असता, कामगार घरी बसले असते. तिथल्या सिनिअर बाईंनी सही करायच्या आधी ब्लँकची बाटली मागितली म्हणून सापडलं, आणि तेव्हापासून मी पण सही करायच्या आधी ब्लँकची बाटली मागते.

अजून एक तपासा, परमँगनेट न टाकता तेच सॅम्पल लावून बघा. तरीही जांभळं झालं तर त्यात आधीच फॉर्माल्डिहाइड होतं आणि तेवढं वजा करावं लागेल. आणि रंग फारच गडद आला, स्पेक्ट्रोचा आकडा स्टँडर्डच्या पलीकडे गेला, तर सॅम्पल अजून पातळ करा, पण यावेळी पाण्याने नाही, ५.५ टक्के इथेनॉलने, नाहीतर इथेनॉलचं प्रमाण बदललं आणि सगळं गणित गेलं.

शिफ रिएजंटची (फॉर्माल्डिहाइडने रंग येणारं रसायन) टेस्ट पण आहे, जुन्या लॅबमधे अजून करतात. आहे-नाही एवढं सांगायला चालते, आकड्याला नको.

पायरी ५: गणित, जिथे सगळे घसरतात

उदाहरणच घेऊ. सॅम्पल ४२.८ टक्के, म्हणजे आपली नेहमीची ७५ डिग्री प्रूफ. १२.८५ मिली डिस्टिलेट १०० मिली केला की ५.५ टक्के झाला, म्हणजे ७.७८ पट पातळ. समजा सॅम्पलचा आकडा ०.१२ आला आणि स्टँडर्डचा ०.६०. मग ०.१२ भागिले ०.६० गुणिले ०.०२५, आलं ०.००५ टक्के, ते गुणिले ७.७८, आलं ०.०३९ टक्के. बघायला किती छोटं वाटतं. पण नियमात मर्यादा दिलेली असते ती १०० लिटर ॲब्सोल्यूट अल्कोहोलमागे, म्हणजे पाणी सोडून निव्वळ अल्कोहोलमागे, किती ग्रॅम अशी. ०.०३९ टक्के म्हणजे लिटरमागे ०.३९ मिली, म्हणजे साधारण ०.३१ ग्रॅम, १०० लिटर दारूत ३१ ग्रॅम, आणि त्याला ०.४२८ ने भागलं की आले ७२ ग्रॅम. दारूच्या लिटरमागचा आकडा आणि ॲब्सोल्यूट अल्कोहोलमागचा आकडा यात नवीन माणूस हमखास गोंधळतो, म्हणून प्रत्येक आकड्यापुढे एकक लिहा, मनात ठेवू नका.

आता हे ७२ जास्त की कमी? ते दारू कुठली त्यावर आहे. युरोपात व्होडकाला मर्यादा १० आहे आणि फळांच्या स्पिरिटला साधारण १०००, त्याच युनिटमधे. आपल्याकडे एफएसएसएआयचे (केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) २०१८ चे अल्कोहोलिक बेव्हरेजेसचे नियम १ एप्रिल २०१९ पासून लागू आहेत, त्यात प्रकारानुसार टेबल आहे, त्यातला चालू आकडा दुरुस्त्यांसकट बघा आणि भिंतीवर लावून ठेवा.

पण दर्जाचा दोष आणि विष यातला फरक डोक्यात पक्का पाहिजे. वरच्या ७२ वाल्या दारूची अख्खी क्वार्टर, १८० मिली, कोणी प्यायली तर पोटात मिथेनॉल गेलं साधारण ५५ मिलिग्रॅम. कोणीतरी २० टक्के मिथेनॉल ओतलेली तेवढीच क्वार्टर प्यायली तर गेलं ३६ मिली. पहिल्यात फार तर कंपनीला नोटीस जाईल, दुसऱ्यात घरचा माणूस जाईल. मर्यादा ओलांडली की दोन्ही रिपोर्टवर शब्द एकच असतो, "मर्यादेपेक्षा जास्त", आणि मला ते अजिबात मान्य नाही, म्हणून मी शेऱ्यात दुसऱ्या प्रकाराला वेगळं वाक्य लिहिते.

पायरी ६: जीसी

आता लावा जीसीला. वॅक्स प्रकारचा पोलर कॉलम (पदार्थ वेगळे करणारी बारीक नळी), एफआयडी डिटेक्टर (बाहेर येणारा पदार्थ ज्योतीत जाळून मोजणारा), ओव्हन ४० अंशापासून हळू वर, इंजेक्शन १ मायक्रोलिटर स्प्लिटमधे, म्हणजे टोचलेल्यातला थोडाच भाग कॉलममधे जातो. वॅक्स कॉलमवर मिथेनॉलच्या अगदी शेजारी इथाइल ॲसिटेट आणि ॲसिटाल येतात, ओव्हन घाईने तापवलं तर पीक एकमेकांत मिसळतात आणि ॲसिटेटचं माप मिथेनॉलच्या नावावर चढतं. म्हणून पहिल्या दिवशी प्रत्येक शुद्ध पदार्थ एकेकटा सोडून त्याची वेळ लिहून घ्या.

इंटर्नल स्टँडर्ड, म्हणजे मापाच्या तुलनेसाठी सॅम्पलमधेच ठरलेल्या प्रमाणात टाकायचा पदार्थ, म्हणून रक्तातल्या अल्कोहोलच्या पद्धतीत एन-प्रोपॅनॉल वापरतात, ते वाचून पोरं दारूलाही तेच टाकतात. दारूत प्रोपॅनॉल स्वतःचंच असतं, आंबवताना तयार होतं, मग तुमचं माप कशाशी? ३-पेंटॅनॉल किंवा ४-मिथाइल-२-पेंटॅनॉल घ्या. एफआयडीला मिथेनॉल इथेनॉलएवढं दिसत नाही, तेव्हा पीकच्या एरियाची सरळ टक्केवारी काढून रिपोर्ट करू नका, कॅलिब्रेशन मिथेनॉलचंच आणि ४० टक्के इथेनॉलमधे बनवलेलं, निदान पाच पातळ्यांचं. मिथेनॉल पिपेटने न घेता वजनाने घ्या, उन्हाळ्यात तर नक्कीच. आणि जे इथेनॉल शुद्ध म्हणून विकत आणलं ते पण आधी एकदा सोडून बघा, त्यातही थोडं मिथेनॉल निघू शकतं.

संशयित सॅम्पल सरळ टोचू नका, आधी १०० पट पातळ करा, आणि त्याच्यानंतर एक ब्लँक सोडा, नाहीतर सुईत राहिलेलं पुढच्या निरपराध सॅम्पलमधे दिसेल. प्रत्येक सॅम्पल दोनदा, मधे मधे माहीत असलेलं चेक स्टँडर्ड. आकडा धोक्याचा आला तर दुसऱ्या प्रकारच्या कॉलमवर किंवा मास डिटेक्टरवर (रेणूच्या तुकड्यांच्या वजनावरून पदार्थ ओळखणारा) तोच पीक मिथेनॉलचाच आहे का ते पक्कं करा.

आकडा भयंकर आला तर

पक्कं करायचं काम चालू असतानाच फोन करा. रिपोर्ट टाइप होण्याची, साहेबांच्या सहीची, सोमवारची वाट बघायची नाही. ज्याचं सॅम्पल आहे त्याला, राज्य उत्पादन शुल्कच्या जिल्हा कार्यालयाला, आणि कोणी प्यायलेलं असेल अशी शंका जरी असली तर ११२ आणि १०८ ला. "प्राथमिक तपासणीत मिथेनॉल खूप जास्त दिसतंय, पक्का रिपोर्ट मागून येतोय, पिणारे लोक शोधा" एवढं सांगितलं तरी पुरे.

आणि तुमच्या ओळखीत, गल्लीत कोणी म्हणालं की डोळ्यापुढे पांढरं दिसतंय, धुकं दिसतंय, पोट दुखतंय, दम लागतोय, आणि काल प्यायलो होतो, तर लॅबचा विचारच करू नका, सरळ मोठ्या हॉस्पिटलला न्या, जिथे डायलिसिस होतं तिथे. उरलेली बाटली सोबत न्या. ज्यांनी सोबत प्यायली पण ठीक वाटतंय त्यांनाही न्या, का ते वर सांगितलंच. डॉक्टरांकडे फोमेपिझोल (लिव्हरमधलं तेच एन्झाइम अडवणारं औषध) किंवा मापून दिलेलं इथेनॉल, बायकार्बोनेट, फोलिनिक ॲसिड, डायलिसिस असे उपाय असतात आणि वेळेत मिळाले तर नजर आणि जीव दोन्ही वाचू शकतात. इथेनॉल औषध आहे हे ऐकून घरी अजून दारू पाजणं, हा प्रकार कोणी करत असेल तर अडवा, त्या बाटलीत काय आहे हे तुम्हाला माहीत नाही.

रिपोर्ट लिहिताना

"मिथेनॉल नाही" असं कधी लिहू नका. "अमुक इतक्यापर्यंत मोजता येतं, त्याच्यावर आढळलं नाही" असं लिहा, पद्धतीचं नाव, आकडा, एकक, अनिश्चितता, सॅम्पल कसं आलं, किती भरलेलं होतं, सील होतं का. "पिण्यास सुरक्षित" हे शब्द तर रिपोर्टवर येऊच देऊ नका, ग्राहक कितीही मागे लागला तरी, आपण एक बाटली तपासलीय आणि तो ते वाक्य हजार बाटल्यांना चिकटवेल.

उरलेलं सॅम्पल लगेच सिंकमधे ओतू नका. छोट्या बाटलीत गळ्यापर्यंत भरा, झाकणावर पॅराफिल्म, फ्रिजमधे, रजिस्टरमधे फ्रिजचा कप्पा नंबर, आणि लेव्हलची रेघ परत मारा, यावेळी तारखेशेजारी तुमच्याबरोबर दुसऱ्या एकाची सही पण घ्या.